मुलांना बोलतं करायचंय, पण फोन एकच आहे: वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मी खानदेशाच्या कडेच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, पट चाळिशीच्या आत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा आमच्या मुलांची रेकॉर्डिंगं ऐकवली आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवर, फोनवर, आठवडे बाजारात भाजी घेताना तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. प्राथमिकच्या शिक्षकांना जास्त कामाचं आहे, पण माध्यमिकवाल्यांनी वाचायला हरकत नाही.

अभिव्यक्ती म्हणजे स्नेहसंमेलन, भाषणं, नाच हेच ना? ते तर आमच्याकडे दरवर्षी होतं.

स्नेहसंमेलनात मूल दुसऱ्याच्या गाण्यावर, तिसऱ्याने बसवलेला नाच करतं. भाषणात 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' इथपासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथपर्यंत सगळं आपणच लिहून दिलेलं असतं. धीटपणा येतो, हे खरं. पण त्यात त्या मुलाचं काय असतं?

आमच्या तिसरीच्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' लिहायला दिला तेव्हा सगळ्या वह्यांत गाय आली आणि सगळ्यांच्या गायीने दूध दिलं. त्यातल्या एका मुलीची गाय आदल्याच रात्री व्याली होती आणि तिने स्वतः अर्धा तास बॅटरी धरली होती, हे मला डबा खाताना कळलं. वहीत त्यातलं एक अक्षर नव्हतं. तिला वाटलं, निबंधात असलं लिहीत नसतात. ते बॅटरी धरणं वर्गात येणं, याला मी अभिव्यक्ती म्हणतो. बोलून येवो, लिहून येवो, चित्रातून येवो.

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेतलाय. मुलं त्यावर धडे, कविता बघतात. ते पुरत नाही का?

ते ऐकणं आणि बघणं झालं. गेल्या दहा वर्षांत आपल्या गावोगावच्या शाळा 'डिजिटल' झाल्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी भिंतीवर पडदा आला आणि मुलं त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसली. पूर्वी गुरुजी बोलायचे आणि मुलं गप्प, आता टीव्ही बोलतो आणि मुलं गप्प, वर गुरुजीही गप्प.

टीव्ही विकू नका. त्याची दिशा बदला. त्याच पडद्यावर मुलाने काढलेला फोटो लावा आणि फोटो काढणाऱ्याला पुढे बोलवा. आमच्याकडे सोमवारी परिपाठानंतर हेच होतं. शनिवारी ज्याला फोन मिळाला त्याचा एक फोटो आणि त्याबद्दल तो जे सांगेल ते. मी विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: 'हाच का काढलास?' बाकीचे प्रश्न वर्ग विचारतो, आणि माझ्यापेक्षा बरे विचारतो.

आमच्याकडे टॅब नाहीत, संगणक बंद पडलाय. फोन आहे तो माझा एकट्याचा.

एक पुरतो. खरं सांगायचं तर दहा टॅब एकदम आले तेव्हा आमचं काम बिघडलं होतं. प्रत्येक जण आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसला, ऐकायला कोणीच उरलं नाही. एका फोनवर पाळी लागते, आणि पाळीची वाट बघताना दुसऱ्याचं ऐकावंच लागतं.

स्वतःचा फोन मुलांच्या हाती देताना दोन गोष्टी करा. आधी विमान मोड. नाहीतर गोष्ट ऐन रंगात आली की कर्जवाल्यांचा फोन येतो. आणि अॅप एका पडद्यावर अडकवून ठेवायची सोय अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये असते, ती चालू करा, म्हणजे मूल रेकॉर्डरच्या बाहेर तुमच्या फोटोंत आणि व्हॉट्सअॅपमध्ये जात नाही. शक्य असेल तर घरातला जुना, सिम काढलेला फोन शाळेसाठीच ठेवा. काच तडकलेली चालते. माइक चालू पाहिजे.

सुरुवात नेमकी कशाने करू? व्हिडिओ, अॅनिमेशन की काय?

आवाजाने. माझं मत यावर पक्कं आहे. कॅमेरा समोर आला की मूल केस सावरतं, ताठ उभं राहतं आणि भाषणाच्या आवाजात शिरतं. नुसता आवाज घ्यायचा म्हटलं की कपडे, चेहरा, दात, काहीच आड येत नाही. शिवाय जागा फार लागत नाही. नेहमीच्या दर्जाचं एमपी-थ्री रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १ एमबी खातं. म्हणजे १ जीबीत हजारेक मिनिटं बसतात, एवढ्यात आख्ख्या शाळेचं वर्ष निघतं.

पहिल्या दिवशी कोणालाही 'गोष्ट सांग' म्हणू नका. गोष्ट सांग म्हटलं की ससा आणि कासव येतात. आम्ही आवाज गोळा करण्यापासून सुरुवात केली. चार-चार मुलांचे गट, प्रत्येकाला दोन मिनिटं फोन, आणि काम एकच: गावातला असा एक आवाज आणा जो ऐकून बाकीच्यांना ओळखता आला पाहिजे. पिठाची गिरणी आली. हातपंपाचं कुरकुरणं आलं. एका गटाने काहीतरी खरखर आणली, ती कुणालाच ओळखेना. ती त्यातल्या एका पोराच्या आजीने तांदूळ पाखडल्याचा आवाज होता. मग आपोआप विषय निघाला: आजी कशी पाखडते, खडे कुठे जातात, कोंबड्या कशा भोवती जमतात. कोणी सांगायला सांगितलं नव्हतं, तरी वीस मिनिटं पोरं सांगत होती. गोष्ट सुरू झाली होती आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तोच फोन स्वतःकडे वळवायचा. एक मिनिट, एक प्रसंग, 'काल मला राग आला तेव्हा' असा काहीतरी नेमका धागा. 'माझे कुटुंब' असा ढोबळ विषय दिलात तर पुन्हा गाय दूध देईल.

रेकॉर्डिंग केलं, पण काही ऐकूच येत नाही. सगळी घरघर.

पंखा बंद करा. पत्र्याची खोली असेल तर ती सोडाच, पत्र्याखाली आवाज घुमतो. आमचा स्टुडिओ म्हणजे शालेय पोषण आहाराचा तांदूळ ठेवायची खोली. पोत्यांची थप्पी आवाज शोषून घेते, त्यामुळे तिथे जे रेकॉर्डिंग होतं ते रेडिओसारखं वाटतं. पोती नसतील तर सतरंजी अंगावर घेऊन बसवा, मुलांना तो खेळच वाटतो.

फोन तोंडापासून एका वितीवर, आणि अगदी तोंडासमोर धरण्यापेक्षा हनुवटीच्या बाजूला. नाहीतर 'प', 'फ', 'भ' आले की माइकवर फुंकर बसते. उघड्यावर वारा असेल तर माइकवर पातळ रुमाल गुंडाळा. माइकचं भोक फोनच्या तळाशी असतं आणि मुलं नेमकं तिथेच बोट ठेवतात, एवढं सांगून ठेवा. कापाकापी करायची तर ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण मी शक्यतो कापत नाही. अडखळणं राहू द्यावं.

स्वतःचा आवाज ऐकून मुलं हसतात, काही तर रडवेली होतात. 'हा माझा आवाज नाही' म्हणतात.

तुम्हीही तेच म्हणाल. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांमधूनही कानाच्या आत पोचतो. हाडांतून जाड, खालचे सूर चांगले येतात. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. कान बोटांनी बंद करून बोलायला लावा, फरक लगेच कळतो. हा विज्ञानाचा एक तास आयता निघतो, आणि पुढच्या वेळी हसू जिरतं. शिक्षकाने आधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकवावं. माझं ऐकून एक पोरगं म्हणालं, 'सर, तुम्ही तर घाबरलेले वाटता.' मी घाबरलोच होतो.

एक मुलगा वर्षभर तोंडच उघडत नाही. त्याचं काय?

त्याला फोन द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. बास. आमच्याकडच्या अशाच एका मुलाने पहिल्या तीन वेळा नुसता श्वास रेकॉर्ड केला. चौथ्या वेळी शेळीला नावाने हाक मारली. ते वर्गात ऐकवू का, असं मी त्याला विचारलं. नाही म्हणाला, मग नाही ऐकवलं. पाचव्याला तो स्वतःच म्हणाला, लावा.

'ऐकवू का?' हा प्रश्न दर वेळी विचारायचा आणि 'नाही' हे उत्तर मानायचं. एकदा जरी फसवून ऐकवलंत तरी ते मूल तुमच्या हातातलं गेलं, आणि ते बघणारी बाकीचीही.

मुलं घरच्या बोलीत बोलतात. प्रमाण भाषेत बोलायला लावायचं की तसंच रेकॉर्ड करायचं?

तसंच. 'मना बाप कांदा इकाले गया व्हता' एवढं बोलणाऱ्या मुलाला तिथेच थांबवून 'माझे वडील कांदा विकायला गेले होते असं म्हण' सांगितलंत, तर तो वाक्य दुरुस्त करेल आणि कांद्याला काय भाव मिळाला, बाप रिकामा टेम्पो घेऊन कसा परतला, हे सगळं पोटातच ठेवेल. अहिराणी असो, भिलोरी, पावरी, वारली, कोरकू, गोंडी किंवा मालवणी असो, पहिलं रेकॉर्डिंग त्याच भाषेत. मुलांचा पाया घरच्या भाषेत बांधावा हे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं, तेव्हा वरून कोणी विचारलं तर तेवढं पुढे करा.

प्रमाण मराठी शिकवायची ती त्यानंतर, आणि त्याच रेकॉर्डिंगवरून. ऐकत ऐकत ते वहीत मराठीत उतरवायचं, अडेल तिथे वर्गाला विचारायचं. 'इकाले' ला 'विकायला' म्हणतात हे मुलं एकमेकांना सांगतात. काही शब्दांना मराठी मिळतच नाही. ते तसेच ठेवतो आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहितो. तो तक्ता आता दाराच्या चौकटीपर्यंत गेलाय. अर्धे शब्द तर मलाच नवे होते, मी मूळचा घाटावरचा.

मग चुका कधी दुरुस्त करायच्या? कधीच नाही?

करायच्या, पण कोणाला तरी ते वाचायचं किंवा ऐकायचं असेल तेव्हा. हे शहाणपण माझं नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे खेड्यातले शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झाली, त्यामुळे वर्गात फार वेळ बोलणं जमेना. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात चक्क एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या फेरफटक्यांबद्दल, घरादाराबद्दल लिहायची, कुठला मजकूर छापायचा ते वर्ग ठरवायचा, आणि मग मुलंच एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, जुळवून पान छापायची. ती पानं फ्रान्सच्याच दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला जायची आणि तिथली पानं इकडे यायची. खिळे जुळवताना शुद्धलेखन आपोआप तपासलं जायचं, कारण पान कोणाच्या तरी हातात पडणार होतं.

शंभर वर्षांपूर्वीचं ते यंत्र म्हणजे त्या काळचं वर्गातलं तंत्रज्ञानच. आज आपल्या खिशात त्याहून मोठा छापखाना आहे, पण त्यावर आपण सुविचार पुढे ढकलतो.

लिहिण्यासाठी मराठी टायपिंग कसं शिकवू? जोडाक्षरांत मुलं अडकतात.

तिसरी-चौथीच्या मुलांना बोलून टाइप करू द्या. गूगलच्या कीबोर्डात मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे. मूल बोलतं, अक्षरं उमटतात, आणि पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात. विरामचिन्हं मात्र बहुधा गायब असतात आणि बोलीचे शब्द ते यंत्र भलतेच ऐकतं. आमच्या इथल्या 'डांगर'चं, म्हणजे भोपळ्याचं, एकदा 'डोंगर' झालं आणि आजीने डोंगर चिरून भाजी केली. हा तोटा नाही, फायदा आहे. यंत्राच्या चुका शोधताना मुलं जितक्या बारकाईने वाचतात तितकं स्वतःचं लिखाण कधी वाचत नाहीत.

पाचवीनंतर संगणक असेल तर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकवा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी त्याची मांडणी आहे. वर्णमाला येणाऱ्या मुलाला ती आपल्यापेक्षा लवकर जमते, कारण त्याच्या डोक्यात अजून इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी लिहायची खोड बसलेली नसते. आणि जुन्या फाँटमध्ये टाइप करून ठेवू नका, युनिकोडच वापरा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर उघडलं की मुलांच्या कवितेची रांगोळी होते.

मुलांचं पुस्तक काढायचंय. छपाईला पैसे नाहीत.

हस्तलिखित काढा आणि फोनने पान पान स्कॅन करून पीडीएफ करा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पानावर स्वतःची सावली न पाडता.

चित्रं काढायला मुलं तयार नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. तिथे मराठीतही पुष्कळ पुस्तकं आहेत आणि खुल्या परवान्याची चित्रं घेऊन आपली गोष्ट त्यावर रचता येते. मी गटाला चित्रं आधी दाखवतो, मूळ मजकूर झाकून, आणि मग गोष्ट त्यांना लावायला लावतो. मात्र खातं शिक्षकाचं. आणि मुलांना 'लहान मुलांचं लिखाण छापतात' हे दाखवायचं असेल तर बालभारतीचा 'किशोर' हा मासिक अंक दाखवा. १९७१ पासून निघतोय आणि जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत.

अॅनिमेशन फार अवघड असतं का?

नाही, कंटाळवाणं असतं. मातीचा बैल ठेवायचा, फोटो काढायचा, बैल केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला ८ फोटो धरले तर १० सेकंदांच्या फिल्मला ८० फोटो लागतात. पोळ्याच्या मातीच्या बैलांची मिरवणूक आम्ही अशी केली, दोन दिवस गेले. फोन हलला की सगळं बिघडतं, म्हणून तो दोन विटांच्या मध्ये पक्का बसवायचा. 'स्टॉप मोशन' असं शोधलंत तर फुकटची अॅप मिळतात. गडबडी मुलं या कामात कमालीची शांत होतात. शब्दांत अडखळणाऱ्यांना तर ही वाट फारच मानवते. पण वर्षातून एकदाच करा, तुमच्याही तब्येतीसाठी.

क्यूआर कोडचा यात काही उपयोग?

आहे, आणि त्याची वाट आपल्याच राज्यातल्या शाळेने दाखवली. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि १० लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली.

पुस्तकातल्या कोडमागे मोठ्यांनी तयार केलेलं असतं. आम्ही तो उलटा फिरवला. मुलाच्या चित्राखाली कोड चिकटवायचा, स्कॅन केला की त्या मुलाचा आवाज. कोड शाळेच्या दारात नाही, तर गावात जिथली गोष्ट तिथे लावला: गिरणीवर गिरणीची, पारावर पाराची. गिरणीवाल्याने दळण थांबवून ऐकली. पावसाने कागद भिजतात, त्यामुळे वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. लिंक ठरावीक लोकांनीच उघडावी असं वाटत असेल तर मात्र कोड पारावर लावू नका. पुढचा प्रश्न वाचा.

फोटो, व्हिडिओ, नावं कुठे टाकायची? पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर चालतं ना?

इथे आपण शिक्षक फार ढिले आहोत, मीही होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हा नियम आहे. शाळांना कुठे सूट, कुठे नाही, हा कीस वकिलांनी काढावा. आपण वर्षाच्या सुरुवातीला शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्यावा, साध्या मराठीत संमतीपत्र करावं आणि त्यात वेगवेगळ्या ओळी ठेवाव्यात: वर्गात ऐकवणं, पालकांच्या ग्रुपवर टाकणं, जगासमोर टाकणं. बऱ्याच आया पहिल्या दोन ओळींना अंगठा देतात, तिसरीला नाही. तो त्यांचा हक्क आहे.

मुलाचं पूर्ण नाव, गाव आणि चेहरा ही तीन एकत्र कधीच टाकू नका. मुलांच्या नावाने खाती उघडू नका. व्हॉट्सअॅपची वयाची अट १३ आहे, गूगलचं नेहमीचं खातंही आपल्याकडे १३ च्या आत स्वतःचं स्वतः काढता येत नाही. यूट्यूबवर टाकलंच तर 'मुलांसाठी' अशी खूण करा, म्हणजे खाली शेरेबाजी बंद राहते. आणि स्टेटसला टाकण्याचा मोह आवरा. ते मुलाचं लेकरूपण आहे, आपली कामगिरी नाही.

मुलाने रेकॉर्डिंगमध्ये काही भलतंच सांगितलं तर?

कधीतरी सांगणारच. मोकळं बोला म्हटल्यावर मूल बापाच्या दारूबद्दल बोलतं, मारहाणीबद्दल बोलतं. ते वर्गात लावायचं नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही. आधी मुलाला एकट्याला भेटा, ऐका, खोदून खोदून विचारू नका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येईलच असं नाही. धोका दिसत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, रात्रंदिवस आणि फुकट. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं ही आपल्यावरची सक्ती आहे. मुख्याध्यापक 'गावात वाद नको' म्हणाले तरी.

या भीतीने कोणी रेकॉर्डिंगच बंद करतं. मूल बोललं नाही म्हणजे घरात काही घडत नाही, असं असतं तर गोष्ट वेगळी होती.

एआयकडून मुलांना निबंध, कविता लिहून घेऊ द्यायच्या का?

प्राथमिकला तो प्रश्नच येत नाही, चॅटजीपीटीसारख्यांची किमान वयाची अटच १३ आहे आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. पण घरी दादाच्या फोनवरून निबंध येऊ लागलेत. ओळखणं सोपं आहे: चूक एकही नसते आणि माणूसही एकही नसतो.

मी एकदा ते उघड वापरलं. आमच्या गावाचं नाव देऊन 'माझे गाव' लिहायला सांगितलं आणि टीव्हीवर लावलं. नदी खळखळ वाहत होती, शेतं डोलत होती, पहाटे मंदिरात घंटानाद होत होता. वर्गाला म्हटलं, खोटं शोधा. नदीला फेब्रुवारीनंतर थेंब नसतो. घंटा चोरीला गेलीय. यात बोअरवेल कुठंय? टँकर कुठंय? उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते ती कुठंय? अर्ध्या तासात फळ्यावर खऱ्या गावाचा निबंध तयार. यंत्राने चुकीचं लिहिलं म्हणून मुलांना खरं सांगायची घाई झाली.

दिवाळीनंतर आमची अर्धी मुलं ऊसतोडीला जातात. त्यांचं काय?

ही मुलं हजेरीतून गेली तरी वर्गातून जाऊ नयेत, यासाठी या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत जास्त उपयोग झाला, असं मला वाटतं. जाण्याआधी आईबापाच्या फोनवर आवाज पाठवायचा कसा ते मुलाला शिकवतो. वर्ग दर शुक्रवारी त्याला एक आवाज पाठवतो, जमेल तेव्हा त्याचा येतो. मोबाइलला चार्जिंग नसतं, रेंज नसते, कधी तीन आठवडे काही येत नाही.

एका मुलीने कारखान्याच्या तळावरून चाळीस सेकंद पाठवली. बोलली काहीच नाही. कोयत्याचे घाव, वाळलेल्या पाचटाची सळसळ, मधेच बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि लांबून कोणीतरी तिला हाक मारतंय. पहिल्या आठवड्यातला आवाज ओळखण्याचा खेळ तिच्या लक्षात होता. वर्गाने सगळं बरोबर ओळखलं. फक्त हाक कोणाची, यावर वाद झाला. ती मार्चमध्ये परत आल्यावर पोरांनी आधी तेच विचारलं.

दुसऱ्या शाळेशी, परदेशातल्या मराठी मुलांशी जोडून घेता येईल का?

येईल. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, शनिवार-रविवारच्या. पण थेट व्हिडिओ कॉलच्या भानगडीत पडू नका, वेळ जुळत नाही आणि नेट दगा देतं. रेकॉर्डिंगं पाठवा. त्याआधी शेजारच्या केंद्रातल्या शाळेपासून सुरू करा. दहा किलोमीटरवरची बोलीसुद्धा मुलांना गमतीची वाटते.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? अभ्यासक्रम, ऑनलाइन माहित्या, चाचण्या...

माझा आठवड्याला एक तास जातो. परिपाठातली दहा मिनिटं रोज, बाकी शनिवारी. माहिती भरण्यातून तुम्हाला एवढाही मिळत नसेल, तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तुमच्याकडे असेल तर मला कळवा.

गुण कसे द्यायचे? केंद्रप्रमुखांना काय दाखवू?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आकारिकमध्ये, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनं २०१० च्या शासन निर्णयापासून आहेतच. यातलं तोंडी काम आणि उपक्रम आपण एरवी अंदाजाने भरतो. रेकॉर्डिंग असलं तर अंदाज लागत नाही. जूनमधला एक मिनिटाचा तुकडा आणि मार्चमधला एक, शेजारी शेजारी लावून ऐकवा. कुठल्याही तक्त्यापेक्षा साहेबांना तेवढं पुरतं.

मात्र 'किती छान बोलला' याला गुण देऊ नका. दिलेत की पुढच्या वेळेपासून पाठांतर सुरू. वर्णनात्मक नोंद लिहा: 'घरातला प्रसंग क्रमाने सांगतो', 'ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला थांबून उत्तर देते'. एवढंच.

रेकॉर्डिंगं किती दिवस ठेवायची?

मूल शाळेत आहे तोवर. फायलीला तारीख, इयत्ता आणि हजेरी क्रमांक, नाव नको. फोनवर आणि एका पेनड्राइव्हवर, दोन ठिकाणी, कारण आमचा एक फोन पाण्याच्या पिंपात पडून वर्षभराचे आवाज बुडाले आहेत. चौथीतून जाताना प्रत्येकाचे आवाज त्याच्या पालकांच्या फोनमध्ये घालून देतो आणि त्यांच्यासमोरच आमच्याकडचे पुसतो. गेल्या वर्षी एका आजोबांकडे साधा बटणांचा फोन होता, त्यात कार्ड बसत होतं. आधी कार्डावर भजनं भरलेली होती. दोन भजनं काढून नातवाला जागा केली.